पुरानंतरचे कौन्सिलचे छोटे अनुदान: खर्च नेमका कशावर करावा?

प्रश्न | नदीकाठ

गेल्या पुरानंतर आमच्या कौन्सिलने (स्थानिक स्वराज्य संस्थेने) नदीकाठच्या लहान वस्त्यांसाठी अनुदान योजना जाहीर केली आहे. रक्कम इतकी मर्यादित आहे की तिच्यातून पूरभिंत बांधण्याचा विचारही करता येत नाही. आमच्या समितीत काहींना पाणी उपसण्याचा मोठा पंप घ्यावासा वाटतो, तर काहींच्या मते सभागृहाची डागडुजी करून तेथे जनित्र बसवावे. अर्जात मात्र ‘या खर्चामुळे पुढील पुराला तोंड देण्याची गावाची क्षमता कशी वाढेल?’ असे विचारले आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर आमच्यापैकी कोणालाही धडपणे देता आलेले नाही. अशा लहान रकमेने खरोखर काही बदलते का?

उत्तर | जुना छाननीकार

अशा अर्जांची छाननी मी काही वर्षे केली आहे. वस्तूचे वर्णन बहुतेक अर्जांत उत्तम असे, पण पुराच्या रात्री ती वस्तू कोण चालवणार, हे क्वचितच लिहिलेले असे. पंपाचेच पाहा. नदीची पातळी गटाराच्या तोंडापेक्षा वर असेपर्यंत उपसलेले पाणी टाकायचे कोठे, हा प्रश्न उरतोच. त्यामुळे पंप खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो पूर ओसरू लागल्यावर. शिवाय वर्षभर कोणी सुरूच केला नाही, तर ऐन वेळी तो चालेल याचा भरवसा नाही.

सभागृह पूररेषेच्या वर असेल तर माझे मत त्याच्या बाजूने आहे. जनित्र व विजेची बटणे उंचावर घ्यावीत, पिण्याच्या पाण्याचा साठा ठेवावा, आणि एकटे राहणारे वृद्ध, ऑक्सिजन यंत्रावर अवलंबून असलेले रुग्ण, वाहन नसलेली कुटुंबे यांची यादी तेथे कागदावर ठेवावी, कारण वीज आणि फोन बंद पडल्यावर संगणकातील यादी कोणाच्याही हाती लागत नाही. यादीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, तरी अनुदानाच्या निमित्ताने लोक चार वेळा एकत्र बसतात तेव्हाच ती तयार होते.

ऑस्ट्रेलियातील लिस्मोर येथे २८ फेब्रुवारी २०२२ रोजी विल्सन्स नदीची पातळी सुमारे १४.४ मीटरपर्यंत, म्हणजे आधीच्या उच्चांकापेक्षा दोन मीटरहून अधिक वर गेली. सरकारी बचाव पथके अपुरी पडली आणि छपरांवर अडकलेल्या अनेकांना स्थानिक रहिवाशांनी स्वतःच्या लहान होड्यांतून बाहेर काढले. कोणत्या घरात कोण अडकले असेल, हे शेजाऱ्यालाच ठाऊक असते.

उत्तर | पाणलोट

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र गावाच्या वरच्या अंगाला काय करता येईल, याचाही विचार व्हावा. इंग्लंडमधील पिकरिंग या गावात १९९९ ते २००७ दरम्यान चार वेळा पूर आला. मोठी पूरभिंत खर्चात बसत नव्हती, म्हणून ओढ्यांवर लाकडी ओंडक्यांचे १६७ झिरपते बांध (पाणी पूर्ण न अडवता त्याचा वेग कमी करणारे) घातले गेले, झाडे लावली गेली आणि सुमारे १,२०,००० घनमीटर पाणी थोपवून धरणारी साठवण जागा तयार करण्यात आली. डिसेंबर २०१५ च्या अतिवृष्टीत पुराचा कमाल प्रवाह १५ ते २० टक्क्यांनी कमी झाल्याचा अंदाज नंतरच्या विश्लेषणात मांडला गेला. हे सगळे छोट्या अनुदानात मुळीच बसणारे नाही, याची मला जाणीव आहे. पण दरवर्षी ओंडक्यांची पाहणी करणे आणि अडकलेला कचरा काढणे एवढे काम लहान रकमेत निभावते. एक पथ्य मात्र पाळावे. आपल्या काठावर भराव टाकून पाणी शेजारच्या गावाकडे ढकलणाऱ्या कामासाठी अर्ज करू नये.

उत्तर | उंबरठा

घरांसाठीचे अनुदान हा वेगळा विषय आहे. डेस्मंड वादळानंतर, म्हणजे डिसेंबर २०१५ नंतर, इंग्लंडमध्ये पूरग्रस्त घरांना कौन्सिलमार्फत ५,००० पौंडांपर्यंत मदत मिळत होती आणि तीतून दाराला बसवायच्या पूर-फळ्या किंवा सांडपाणी उलटे येऊ न देणारी झडप घेता येत असे. फळीच्या मागे सुमारे ६० सेंटीमीटरहून अधिक पाणी अडवणे भिंतींनाच धोक्याचे ठरू शकते. आणि घरात कोणी नसेल तर फळी बसवायची कोणी? म्हणूनच गल्लीनिहाय जबाबदारी ठरवावी लागते.

नदीकाठ

सर्वांचे आभार. सभागृहाच्या बाजूने समितीचे मत वळू लागले आहे. अडचण एकच आहे: आधी खर्च करून पावत्या सादर केल्यावरच पैसे मिळणार आहेत आणि आमच्या खात्यात तेवढी शिल्लक नाही.

जुना छाननीकार

ही अट लहान गटांना सर्वांत जास्त जाचते. अर्ज करण्यापूर्वीच आगाऊ हप्ता किंवा टप्प्याटप्प्याने रक्कम मिळेल का, याची लेखी विचारणा करावी. नियमांत तशी तरतूद नसेल तर जनित्राचे बिल कौन्सिलने परस्पर पुरवठादाराला द्यावे, अशी विनंती करून पाहावी. इंधन व वार्षिक तपासणीचा खर्च अंदाजपत्रकात आताच धरा, आणि सभागृहाची एक किल्ली ते नदीच्या ज्या काठावर आहे त्याच काठावर राहणाऱ्या सदस्याकडेही असू द्या, कारण पूल पाण्याखाली गेल्यावर पलीकडची किल्ली तेथे पोहोचत नाही.