कलम ३ असताना सीमाप्रश्न कोर्टात कशाला?

खानापूरकर: ‘संसदेने मनात आणलं तर एका दिवसात बेळगाव महाराष्ट्रात, कोर्टात वीस वर्षं उगाच घालवली’ या कालच्या पोस्टला एवढे लाईक बघून राहवलं नाही. अहो, राज्यांच्या सीमा बदलणाऱ्या घटनेच्या कलम ३ चं विधेयक मांडायलाच राष्ट्रपतींची शिफारस लागते, म्हणजे केंद्रीय मंत्रिमंडळाची. मग ते संबंधित विधानसभांकडे मतासाठी जातं. मत विरोधात गेलं तरी संसद अडत नाही आणि कलम ४ मुळे साधं बहुमत पुरतं. २०१४ ला आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं, तरी तेलंगण झालंच. संसदेला अधिकार आहे, पण पहिली सही करायला दिल्लीत कोणी तयार नाही. म्हणून २००४ ला महाराष्ट्राने कलम १३१ खाली, म्हणजे राज्यांचे वाद थेट सुप्रीम कोर्टात नेणाऱ्या कलमाखाली, दावा लावला.

निपाणी_पट्टा: अर्धंच सांगितलंत. बेळगाव म्हैसूरला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला, देणाऱ्या १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याची वैधता कोर्ट फार तर तपासेल, गावं वाटत बसणार नाही. आंध्र-मद्रास सीमावादात मध्यस्थ पाटसकरांनी गाव हा घटक धरला, १९५९ ला संसदेने कायदा केला आणि १९६० ला तिरुत्तणी मद्रासकडे गेलं. पण तिथे दोन्ही राज्यांनी आधी पाटसकरांना मान्यता दिली होती. इथे तडजोडीचा शब्द काढणारा पुढारी दोन्हीकडे निवडणुकीत पडतो.

खानापूरकर: मग १९५६ ला त्याच बेळगाव जिल्ह्यातून चंदगड तालुका वगळला तो कोणत्या न्यायाने? तो न्याय खानापूरला का नाही, एवढंच विचारतोय. मंजुरी संसदेचीच लागेल, हे तुमचं मान्य. पण तेवढ्याने दावा फुकट ठरत नाही.

शहापूर_गल्ली: तुमचं १३१ चालू द्या, इथे घटनेचं कलम २४३-यू पायदळी गेलं त्याचं काय? महापालिकेची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, बरखास्त केली तर सहा महिन्यांत. आपल्या बेळगाव पालिकेची मुदत २०१९ ला संपली, ५८ प्रभागांचं मतदान सप्टेंबर २०२१ ला. महापौर बसला फेब्रुवारी २०२३ ला! तोवर कर, पाणी, गाळ्यांचे लिलाव सगळं प्रशासकाच्या सहीने. मराठी पालिका नको म्हणूनच हे झालं.

टिळकवाडी: प्रत्येक गोष्टीत भाषा आणू नका. बेंगळूरच्या पालिकेची मुदत सप्टेंबर २०२० ला संपली, मुंबईची मार्च २०२२ ला. दोन्हीकडे वर्षानुवर्षं प्रशासक. तिथे कोण मराठीवर अन्याय करत होतं? खोट वेगळीच आहे. मतदार यादी आणि मतदान राज्य निवडणूक आयोगाकडे, पण प्रभागरचना आणि आरक्षण सरकारच्या हातात. सरकार प्रभाग-आरक्षणाची यादी उशिरा काढतं, मग हरकती येतात, मग कोणीतरी हायकोर्टात रिट अर्ज घालतं आणि आयोग त्या यादीची वाट बघत बसतो.

शहापूर_गल्ली: २००५ ला पालिकेने महाराष्ट्रात जायचा ठराव केला आणि लगेच बरखास्ती आली, तेही भाषेपायी नव्हतं म्हणा!

टिळकवाडी: ती बरखास्ती ठरावापायीच होती, नाही म्हणत नाही. पण २०१९ चं कारण तेच धरलंत तर पुढच्या वेळी पुन्हा फसाल. अहमदाबाद पालिकेच्या निवडणुकीवरच्या २००६ च्या किशनसिंग तोमर निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं की प्रभागरचनेची सबब चालणार नाही आणि सरकार साथ देत नसेल तर आयोगाने स्वतः हायकोर्टात जावं.

निपाणी_पट्टा: आयोग जातो कुठे?

टिळकवाडी: नाही गेला तर मतदाराने जावं, तेही वेळेत. पालिकेची मुदत मतदानापासून नाही, पहिल्या सभेच्या तारखेपासून पाच वर्षं मोजतात, त्यामुळे आधी ती तारीख लेखी घ्या. वर्षभर आधी माहिती अधिकारात विचारा की प्रभागरचनेची फाईल कोणाच्या टेबलावर आहे. उत्तर हातात घेऊनच हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात जा. मुदत संपल्यावर गेलात तर प्रशासक आधीच बसलेला असतो.

खानापूरकर: अर्ज मराठीत दिला तर?

टिळकवाडी: गाऱ्हाण्याचा अर्ज असेल तर घ्यावाच लागतो, कलम ३५० आहे. उत्तर मराठीतच मिळेल असं मात्र ते कलम म्हणत नाही. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

शहापूर_गल्ली: पहिल्या सभेच्या तारखेचा अर्ज मी सोमवारी टाकतो. भाषेचं म्हणणं मागे घेतलेलं नाही.