ग्रामसभेत पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा... (कॉलेजचे दिवस आणि आपलं गाव)

रानपाखरू
काल रात्री भाचीचा फोन आला. बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिराला गेली आहे, आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका गावात. म्हणे, "मावशी, आज ग्रामसभा होती, आम्हाले मागं बसवलं. एक आजी उठली न म्हणे, मागच्या सभेत मी नालीचं बोलली होती, ते वाचून दाखवा. सचिवानं बुक उघडलं तर त्यात नालीचं नावच नाही. असं कसं?" मी काही सांगणार तेवढ्यात "थांब, भाकरीची पाळी माझी हाय" म्हणून फोन ठेवलाही.

मला झोप लागली नाही. १९९८ साल, मी बीएला. राज्यशास्त्राच्या पेपरासाठी ७३ वी घटनादुरुस्ती, पंचायतीत बायांना राखीव जागा देणारी, नुकतीच घोकलेली. गावात सरपंचबाई निवडून आलेल्या, पण सभेला खुर्चीवर त्यांचे मालक. मी उठले न विचारलं, "सही काकूची लागते, मग काकू कुठी आहे?" बाबांनी मागून ओढणी ओढली. कोणी काही बोललं नाही. मग मी बुक पाहायला मागितलं. शेवटचा ठराव आणि खालच्या सह्या यांच्यामध्ये चार बोटं जागा कोरी होती. मला वाटलं, चुकून सुटली. शेजारी आमचे निवृत्त गुरुजी बसले होते, ते हळूच म्हणाले, "चुकून नाही बाई, मागून भरता येते." मी सचिवांना म्हटलं, "काका, इथं रेघ मारा." ते माझ्याकडे पाहतच राहिले. गुरुजी मोठ्यानं म्हणाले, "मार गा, पोरगी बरोबर बोलून राहिली." निळ्या शाईची तिरपी रेघ. अजून दिसते मला.

घरी आल्यावर बाबा त्या रात्री जेवले नाहीत. आई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी विहिरीवर चार बायका मला विचारून गेल्या, पुढची सभा कवा हाय म्हणून.

तुम्ही कॉलेजात असताना गावच्या कारभारात कधी पडलात का? शिबिर, सभा, मतदार यादी, काहीही. लिहा.

नांगरधारी
सकाळी सकाळी डोळ्यात पाणी आणलं ताई. ती कोरी जागा आमच्याकडे पण होती.

माझा किस्सा कोरमचा. १५ ऑगस्टला झेंड्याला आलेल्या लोकांच्या सह्या घेत, त्याच मग सभेची हजेरी. आम्ही चार पोट्टे एनएसएसवाले, मोजायला बसलो. गावात मतदार हजाराच्या वर. कोरम म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते, म्हणजे आम्हाले १०० लागत होते. बसलेले ३४. आम्ही सांगितलं, सभा तहकूब झाली. आम्हाले वाटलं जिंकलो. पण तहकूब सभा परत भरते तवा तिले कोरम लागत नाही! पुढच्या आठवड्यात ११ जणांनी सगळं मंजूर करून टाकलं. घरकुलाची यादी पण.

तवापासून आम्ही दारोदारी एकच सांगायचो, "आज नाही आले तर पुढच्या बारीले दहा जण तुमचं ठरवतीन." तेवढ्यानं माणसं यायची.

तुरीची शेंग
शिबिरात आता पोरीच भाकरी करतात का अजून? आमच्या वेळी पोरांची पण पाळी असायची, पीठ मळताना रडकुंडीला यायचे. शेवटच्या दिवशी रोडगे आणि वांग्याची भाजी. वास आला बघा लिहिताना.

रानपाखरू
@तुरीची शेंग पोरांचीही असते म्हणे, वेळापत्रक लावलंय :) रोडगे रविवारी आहेत.

पळसफूल
मी गडचिरोलीची. एमएसडब्ल्यू करताना आम्हाला मेंढा (लेखा)ला नेलं होतं, धानोरा तालुक्यात. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' हे सगळ्यांना माहीत असतं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना १८०० हेक्टरच्या वर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, न २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं बुक ग्रामसभेच्या हातात आलं, हेही ऐकून गेलो होतो.

पण मला धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. तिथं हात वर करून बहुमत घेत नाहीत. एक माणूस जरी नाही म्हणाला तरी विषय थांबतो. आम्ही बसलो होतो तेव्हा एका म्हाताऱ्याचं काही जुळत नव्हतं. आमच्या मॅडम घड्याळ पाहत होत्या, गाडी निघायची होती. तिथल्या कोणालाच घाई नव्हती. ते बुवा बोलले, थांबले, तंबाखू मळली, परत बोलले. निर्णय त्या दिवशी झालाच नाही. वर्गातल्या कोणत्या तासाला मी इतकं शिकले नाही.

आमच्या गावी परत आल्यावर मी तिथल्यासारखा अभ्यास गट सुरू केला, बारा पोरं, शाळेच्या व्हरांड्यात. पहिले कायदा काय म्हणतो ते वाचायचं, मग सभेत जायचं. दीड वर्ष चालला. मग माझं लग्न झालं. बाकीचं नंतर लिहिते, बाळ उठलं.

कोरडवाहू
हे सगळं ठीक आहे, पण मला वेगळं सांगायचंय. कृपा करून पोरांना एकटं पुढे करू नका.

माझा लहान भाऊ अमरावतीला शिकत होता. माहितीच्या अधिकारात गावच्या सिमेंट रस्त्याची माहिती मागितली, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, रीतसर. ३० दिवस झाले, उत्तर नाही. पहिलं अपील केलं. त्यानंतर घरी माणसं येऊन बसू लागली. बोलायचे गोड, "शिकू द्या पोराले, कशाले नादी लागतं." बाबांना त्या वर्षी ट्रॅक्टर कोणी भाड्यानं दिला नाही. पेरणी दहा दिवस लांबली. कोरडवाहू रानात दहा दिवस म्हणजे काय, इथल्यांना सांगायला नको. भावानं अपील सोडलं, आणि आजही गावात गेला की त्या रस्त्यानं जात नाही.

नांगरधारी
भाऊ, वाईट वाटलं वाचून. खरं हाय तुमचं. एकाच्या नावानं अर्ज नाही करायचा, हे आम्ही पण मार खाऊनच शिकलो. आमचा अर्ज मग बचत गटाच्या नऊ बायांनी आपापल्या नावानं केला. नऊ घरी कोण जाऊन बसते?

कोरडवाहू
@नांगरधारी हे तेव्हा सुचलं असतं तर. भावाला दाखवतो तुमचं.

चंद्रभागा_उमरखेड
कोणी आडवी बाटलीचं लिहिलं नाही अजून?? मी लिहिते. डबा करून आले.

बीए फायनलला असताना आमच्या गावात दारू दुकान बंद करायला बायांनी मागणी केली. गावात मतदान घ्यावं लागतं, गुप्त. उभी बाटली म्हणजे चालू ठेवा, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आम्हा सहा पोरींकडे काम होतं बायांना चिन्ह समजावायचं. शाळेच्या भिंतीवर कोळशानं दोन बाटल्या काढल्या. एका आजीनं विचारलं, "आडवी म्हणजे पेऊन पडलेली का वं?" मी म्हटलं, "नाही आजी, आपण आडवी पाडलेली." मग तीच सगळ्यांना सांगत फिरली, आपण पाडलेली, आपण पाडलेली. आमच्या सहा जणींपेक्षा तिनं जास्त काम केलं.

अडचण अशी की आलेल्या मतांचं बहुमत चालत नाही. गावातल्या एकूण महिला मतदारांच्या अर्ध्यापेक्षा जास्त बाया आडव्या बाटलीला हव्यात. म्हणजे जी बाई घरी राहिली ती दुकानाच्या बाजूनं धरली जाते. आणि तारीख आली ऐन कापूस वेचणीत. पहाटेपासून आम्ही शेताशेतात पळत होतो. एक बाई ओटीतला कापूस तसाच बांधावर ठेवून आली, शेतमालकानं अर्धी मजुरी कापली तिची. तरी १७ मतं कमी पडली. १७. सोळा वर्षं झाली, आकडा विसरले नाही. कोण कोण आल्या नाहीत ते पण माहीत आहे, त्यातली एक माझी सख्खी काकू. तिला घरात कोंडलं होतं हे मला नंतर कळलं, आणि मी तिच्याशी चार महिने अबोला धरला होता.

तुरीची शेंग
चंद्रभागा, काय लिहू गं. काकू आहेत का आता?

चंद्रभागा_उमरखेड
आहे. आता माझ्याचकडे असते.

सोयाबीन२००७
नमस्कार, मी इथं नवीन. बीकॉमला आहे. माझं मतदार यादीत नावच नाही, मग ग्रामसभेत बोलता येतं का? न नाव कसं टाकायचं, हॉस्टेलच्या पत्त्यावर की गावच्या?

निंबोणी
@सोयाबीन२००७ गावचं टाक बाबू, गावच्या सभेत मत द्यायचं असेल तर. ग्रामसभा म्हणजे गावच्या यादीतले मतदार. नमुना ६ भर, ऑनलाइन पण होते, नाहीतर बीएलओकडे, म्हणजे गावच्या मतदार यादीचं काम पाहणाऱ्याकडे, बहुतेक शाळेचे सर नाहीतर अंगणवाडीताई असतात. १८ पूर्ण झाले का हे पाहायला १ जानेवारीचीच वाट पाहायची गरज नाही आता, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चारही महिन्यांची १ तारीख धरतात. १७ पूर्ण झाले की आगाऊ अर्जही चालतो. नाव आलं की एकदा यादी उघडून स्वतः पाहा. माझ्या नावापुढे वडिलांच्या जागी शेजाऱ्याचं नाव आलं होतं, नमुना ८ भरून दुरुस्त करून घ्यावं लागलं.

सोयाबीन२००७
धन्यवाद ताई. आजच भरतो.

मोझरीकर
माझा अनुभव छोटा आहे. आमच्या गावात सभेला बाया येत नसत. पण संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला याच बाया रोज हजर. राष्ट्रसंतांचं गाव जवळ, खंजेरी घरोघरी. आम्ही कॉलेजच्या पोरांनी एवढंच केलं, प्रार्थना झाल्यावर कोणी उठायच्या आत सभेची नोटीस वाचून दाखवायची. नोटीस सात दिवस आधी लागते, पण पंचायतीच्या भिंतीवर चिकटवलेली वाचते कोण? प्रार्थनेनंतर लोक शांत असतात, ऐकतात. पहिल्याच सभेला ६० वर बाया. पंचायतीच्या हॉलमध्ये मावल्या नाहीत, सभा बाहेर लिंबाखाली घ्यावी लागली.

आता मी शिक्षक आहे, वर्गात हे सांगतो तेव्हा पोरं विचारतात, सर, हे पेपरात येते का. मी म्हणतो, यायला पाहिजे.

एकवीसपूर्ण
मी २२ व्या वर्षी पंचायतीला उभा राहिलो, एमएच्या परीक्षेच्या दोन महिने आधी. चिन्ह कपबशी. कॉलेजात आम्ही कधी निवडणूक पाहिलीच नव्हती, १९९४ नंतर थेट मतदान बंद, वर्गप्रतिनिधी गुणांवर. त्यामुळे मत मागायला कसं जायचं हेच माहीत नव्हतं. पहिल्या घरी तोंडातून शब्द निघेना. त्या घरच्या वहिनीनं चहा दिला, कपबशीतच, न म्हणाली, "आता माग." निवडून आलो. पाच वर्षांत पाण्याची पाइपलाइन वस्तीपर्यंत नेली, शेवटची आठ घरं राहिली. ती आठ घरं मनातून जात नाहीत.

निंबोणी
@एकवीसपूर्ण तुमचं वाचून चहा ठेवला.

तुरीची शेंग
रोडग्याला पीठ जाडसरच दळून घ्या कोणी करणार असाल तर. भाचीला सांग गं.

रानपाखरू
सगळ्यांचं वाचलं, दोनदा. कोरडवाहू, तुमचं भाचीला मुद्दाम पाठवलं, आणि नांगरधारींचं उत्तरही.

आत्ताच तिचा मेसेज आला. शिबिर संपलं. काल ती न तिच्या दोन मैत्रिणी त्या आजीच्या घरी गेल्या. आजीनं नालीचं परत सांगितलं, हिनं लिहिलं, वाचून दाखवलं. आजी म्हणे, "पावसाचं पाणी चुलीपाशी येते, हे राह्यलं." ते घातलं. मग गल्लीतल्या चौदा बायांचे अंगठे आणि सह्या, दोन प्रती. आज सकाळी पंचायतीत दिलं. पोचवर शिक्का पुसट उमटला, तर आजीनं तो परत मारायला लावला. दोन शिक्के आहेत एकावर एक, फोटो पाठवलाय.

नांगरधारी
वा आजी! पण शिक्क्यावर आवक क्रमांक टाकला का पाहा ताई. त्याच्याशिवाय मागून म्हणतात आमच्याकडे आलंच नाही.

रानपाखरू
फोटोत दिसत नाहीये. तिला विचारते. गाडीत आहे, रेंज नाही.