बँकॉकचा एक दिवस : एकट्याने पाहावा की सहलीच्या बसमधून?

तिफण (आर्णी)

दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे पैसे हाती आले की आमच्या भागातील व्हॉट्सॲप गटांवर थायलंडच्या सहलींच्या जाहिराती फिरू लागतात. त्यांपैकी बहुतेकींमध्ये बँकॉकसाठी एकच दिवस राखलेला असतो, आणि त्यातही राजवाड्याला तासभर, रत्नांच्या दुकानाला तासभर आणि मॉलला उरलेली सगळी संध्याकाळ अशी वाटणी असते. माझे स्पष्ट मत असे की ज्याला कामापुरते इंग्रजी येते आणि मोबाइलवरचा नकाशा कळतो, त्याने हा दिवस एकट्यानेच घालवावा, आणि सगळे शहर पालथे घालण्याच्या फंदात न पडता तो चाओ फ्राया नदीच्या एकाच वळणावर घालवावा.

थायलंडच्या चक्री घराण्यातील पहिल्या राम राजाने १७८२ मध्ये राजधानी या नदीच्या पूर्व काठावर आणली आणि राजवाड्याचे काम सुरू केले. राजवाड्याच्या आवारातील पाचूच्या बुद्धाचे मंदिर, दक्षिणेला काही मिनिटांवर असलेले वाट फो (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर) आणि नदीपलीकडचे वाट अरुण ही तिन्ही ठिकाणे पायी व नावेने एका दिवसात निवांत होतात. सनाम चाय हे मेट्रो स्थानक २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून तिथे पोहोचण्यासाठी टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालण्याचीही गरज उरलेली नाही.

एकट्याने जाण्याचा खरा लाभ म्हणजे हवे तितके थांबता येते. पाचूचा म्हणून प्रसिद्ध असलेला, पण प्रत्यक्षात जेड दगडाचा तो बुद्ध जेमतेम ६६ सेंटिमीटर उंचीचा आहे आणि उंच सोनेरी आसनावर बसवलेला असल्यामुळे आत शिरताच तो नजरेत भरत नाही. पाय मागे दुमडून फरशीवर बसावे, डोळे स्थिरावू द्यावेत, तेव्हा कुठे त्याच्या अंगावरचे वस्त्र दिसते. हे वस्त्र उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तीन ऋतूंसाठी वेगवेगळे असते आणि ते बदलण्याचा विधी स्वतः राजा करतो. झेंडा उंचावून पुढे चालणाऱ्या मार्गदर्शकाच्या मागे धावणाऱ्यांना यातले काय दिसणार?

पांदण (दारव्हा)

धागाकर्त्यांची तळमळ समजते, परंतु त्यांचे म्हणणे मला अजिबात मान्य नाही. मी निवृत्त शिक्षक आहे आणि पत्नीसह सहलीच्या बसमधूनच बँकॉक पाहिले आहे.

ज्या मंदिराचा त्यांनी उल्लेख केला, त्याच्या सभोवतालच्या ओवऱ्यांमध्ये रामकियेन म्हणजे थाई रामकथेची १७८ भित्तिचित्रे आहेत. आमच्या मार्गदर्शकाने एका चित्रापुढे सर्वांना थांबवले. त्यात पांढराशुभ्र हनुमान आणि कमरेखाली मासा असलेली एक स्त्री समुद्रात एकमेकांसमोर होती. ती रावणाची मुलगी सुवर्णमच्छा. सेतूचे दगड मासोळ्यांकरवी पळवायला ती आली, हनुमानाने तिला वश करून घेतले आणि पुढे त्यांना मुलगा झाला, असे त्याने सांगताच आमच्यातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला! आपल्याकडेही मकरध्वजाच्या कथेत मासा आहेच, पण तिथे घामाच्या थेंबावर सगळे भागते आणि वेशीवरच्या मारुतीचे ब्रह्मचर्य अबाधित राहते. सांगणारा सोबत नसता, तर मी माकड आणि जलपरी पाहून पुढे गेलो असतो. डोळ्यांनी दिसणे निराळे आणि कळणे निराळे. कळण्यासाठी माणूस लागतो, आणि तो पैसे मोजून मिळत असेल तर त्यात कमीपणा काय आहे?

शिवाय तिथले ऊन. आमचे पंचेचाळीस अंशांचे कोरडे ऊन सोसलेल्या माणसालाही तिथल्या दमट हवेत सकाळी दहालाच घामाच्या धारा लागतात. साठी ओलांडलेल्यांना एसी बस ही चैन नव्हे.

मोहफूल (आरमोरी)

पांदण सरांना एक विचारते : १७८ चित्रांपैकी आपल्या मार्गदर्शकाने किती दाखवली? मी एकटी गेले होते, आणि रामकियेनची कथा आदल्या रात्री खोलीवर वाचून गेले होते, त्यामुळे ओवऱ्यांमधून फिरताना दशकंठ कोणता आणि मैयराब, म्हणजे आपला महिरावण, कोणता हे मला ओळखता येत होते. तयारी करून गेलेल्या माणसाला मार्गदर्शकाची गरज कमी भासते. तयारी न करता जाणाऱ्याला मार्गदर्शक जे सांगेल तेवढेच मिळते.

मात्र तिफण यांचेही सगळे पटत नाही. नकाशा कळला की झाले, असे ते म्हणतात, पण राजवाड्याबाहेर नीटनेटक्या कपड्यांतले गृहस्थ जवळ येऊन ‘आज सण आहे, राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे, तोवर स्वस्तात इतर मंदिरे दाखवतो’ असे अगत्याने सांगतात, तेव्हा नकाशा उपयोगी पडत नाही. ही तिथली जुनी फसवणूक आहे. टुकटुकमध्ये, म्हणजे तिथल्या तीनचाकी रिक्षात, बसले की फेरी अखेर रत्नांच्या दुकानाशी थांबते. एकट्या माणसाने, त्यातही एकट्या बाईने, अशा वेळी उत्तरच न देता थेट दारापर्यंत चालत जावे, कारण दार उघडे आहे की नाही ते दारातच कळते.

कपड्यांचे सांगायचे तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. माझ्या सलवार-कमीजला कोणी हटकले नाही. हाफ पँट घालून आलेले पुरुष मात्र दारातून परत फिरत होते.

कवडी (दिग्रस)

तिघेही पर्यटनाच्या अंगानेच बोलत आहात. आमच्या घरी बँकॉकला जायचे ठरते ते दर्शनासाठी. १९५६ च्या दीक्षेपासून आमच्या गावाची माणसे दीक्षाभूमीवर एकत्र जातात, एकत्र जेवतात आणि एकत्र त्रिशरण म्हणतात. वाट फोच्या ४६ मीटर लांबीच्या पहुडलेल्या बुद्धापुढेही आमच्या उपासक-उपासिकांनी तसेच म्हटले. एकट्याने जाऊन हे कसे साधेल? ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात निंदण केले, त्या आमच्या आजीला नकाशा आणि मेट्रोच्या भरवशावर तिथे पाठवायचे काय?

तिफण (आर्णी)

कवडी यांच्या आजींबाबत मी निरुत्तर आहे. त्यांनी सोबतीनेच जावे. परंतु एकत्र म्हणण्यासाठी आपलेच लोक लागतात, हे मान्य नाही. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ हे पाली शब्द थाई उपासकांच्याही तोंडी असतात, चाल तेवढी वेगळी असते. मी त्यांच्याच शेजारी बसलो होतो आणि कोणालाही त्याचे नवल वाटले नाही.

वाट फोचा उल्लेख निघालाच आहे म्हणून सांगतो. ती मूर्ती १५ मीटर उंच आहे आणि भोवतीचे दालन इतके चिंचोळे की खांबांच्या आडून ती तुकड्यातुकड्यांनीच दिसते. आधी चेहरा, मग कोपर, आणि बऱ्याच वेळाने तळपाय, ज्यांवर शिंपल्यांच्या चकाकत्या तुकड्यांत १०८ मंगलचिन्हे जडवली आहेत. पाठीमागच्या भिंतीशी १०८ कांस्यपात्रे ओळीने ठेवलेली आहेत आणि लोक त्यांत एकेक नाणे टाकत पुढे सरकतात, त्याचा टण् टण् आवाज दालनभर चालू असतो. चाळीस जणांच्या जत्थ्याला ही ओळ नीट पूर्ण करता येत नाही, कारण पहिला माणूस शेवटच्या पात्राशी पोहोचण्याआधीच बसची वेळ झालेली असते.

पांदण (दारव्हा)

आमच्या जत्थ्याने ओळ पूर्ण केली होती, एवढे नोंदवतो. आणि दुपारी बारा ते तीन या वेळेत एकटा माणूस त्या उन्हात कुठे बसतो, हे आपण अजून लिहिलेले नाही.

तिफण (आर्णी)

वाट फोच्याच आवारात. तिसऱ्या राम राजाने तिथे वैद्यकाचे ज्ञान शिलालेखांत कोरून ठेवले आहे. शरीराच्या आकृतींवर कोणत्या नाडीवर कुठे दाब द्यावा हे त्यांत दाखवलेले असून या मंदिरातील शिलालेखांना २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत स्थान मिळाले. १९५५ पासून तिथे मालिश आणि पारंपरिक वैद्यक शिकवणारी शाळाही चालते. मी आधी त्या आकृत्या सावकाश पाहिल्या, मग शाळेत पाय दाबून घेतले, आणि उन्हे कलल्यावर था तियेनच्या धक्क्यावरून नावेने वाट अरुणला गेलो.