फेरोपोर्टिनचा नमुना उकळू नका

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलवर प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायची चाचणी) उंदराच्या प्लीहेत फेरोपोर्टिनचा, म्हणजे पेशीतून लोह बाहेर सोडणाऱ्या प्रथिनाचा, पट्टा ६२ किलोडाल्टनजवळ (हे रेणूच्या वजनाचं एकक) न येता जेलच्या तोंडाशीच डाग दिसतो, म्हणून अँटीबॉडी बदलावी का, असं एकाने विचारलंय. थांबा! आधी सांगा, नमुना ९५ अंशांना उकळला होता का? हे प्रथिन पेशीपटलातून अनेकदा आरपार जातं. उकळलं की रेणू एकमेकांना चिकटून गोळा होतो आणि तो जेलमध्ये शिरतच नाही. मी लोडिंग बफर (जेलमध्ये भरण्याआधी मिसळायचं द्रावण) घालून नमुना अर्धा तास खोलीच्या तापमानाला ठेवतो. उकळण्याच्या एका सवयीपायी माझे दोन महिने गेले, म्हणून कळकळीने सांगतोय.

अँटीबॉडी उंदरातच तयार केलेली असेल तर मात्र खरंच बदला, सशातली घ्या. प्लीहा रक्ताने भरलेली असते. दुय्यम अँटीबॉडी (पहिल्या अँटीबॉडीला धरून पट्टा दाखवणारी) तिथल्या आयजीजीलाही, म्हणजे उंदराच्या स्वतःच्या अँटीबॉडीलाही, धरते आणि ५० व २५ किलोडाल्टनला फसवे पट्टे येतात.

खात्रीसाठी लोह कमी असलेल्या आहारावरच्या उंदराचं ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) त्याच जेलवर शेजारी चालवा, तिथे पट्टा गडद व्हायला हवा. संपूर्ण नॉकआउट, म्हणजे सगळ्या शरीरातून फेरोपोर्टिनचा जनुक काढलेला उंदीर, गर्भातच दगावतो; पण फक्त आतड्यातला हा जनुक काढलेल्या उंदराचं आतड्याचं ऊतक कुणाकडून मिळालं, तर सोन्याहून पिवळं, कारण तिथे पट्टा दिसायलाच नको.