मदत हवी आहे : कर्णबधिरांसाठीच्या तीन संस्थांची मोट कशी बांधायची?

मंडळी, नमस्कार. मी लातूरला कर्णबधिर मुलांसाठी छोटी संस्था चालवते. नांदेड आणि अंबाजोगाईच्या दोन संस्थांसोबत एकत्र काम करायचं ठरतंय, पण गाडं अडलंय.

औशाकडच्या एका पोराला दोन शिबिरांत दोन श्रवणयंत्रं मिळाली. दोन्ही कपाटात! कानाच्या मापाचा साचा कुणी करून दिला नाही, सेल संपल्यावर विचारायला कुणी गेलं नाही. आम्हीही नाही, हे कबूल. दुसरी एक मुलगी आमच्यापर्यंत आली तेव्हा सहा वर्षांची होती. एडिप योजनेत (अपंगांना साधनं देणारी केंद्र सरकारची योजना) कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायच्या यंत्रासाठी, जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांना ५ वर्षांपर्यंतच्या वयाची अट आहे. शेजारच्या संस्थेला ही मुलगी आधीपासून माहीत होती, पण आम्हाला कुणी कळवलं नाही.

म्हणून तिघांची एक सामायिक नोंदवही करायची आहे: यूडीआयडी (अपंगत्व ओळखपत्र) क्रमांक, ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख), यंत्र कुणी दिलं, पुढे कोण बघणार. पण ती ठेवायची कुणाकडे? पालकांची संमती कशी घ्यायची? आणि खरी मेख म्हणजे, एकच मूल तिघांच्याही अहवालात दिसलं तर देणगीदारांना काय सांगायचं?

सांकेतिक भाषेचा दुभाषी तिघांत एकच आहे. त्याचं मानधन कसं वाटून घ्यावं? समितीत कर्णबधिर तरुण हवेतच, पण दुभाष्याविना बैठक म्हणजे त्यांना शोभेला बसवणं.

कुणी असा लेखी करार केला असेल तर मसुदा दाखवाल का? कुठे फिसकटलं तेही सांगा.