मदत हवी आहे : रात्रीची झोप उडवणाऱ्या ताणावर साधे घरगुती उपाय कोणते?

सर्वांना नमस्कार. रावेर तालुक्यात आमची केळीची बाग असून, वैशाखातल्या वादळी वाऱ्यात निसवलेली झाडे घडांसकट आडवी झाल्यापासून माझे मोठे बंधू रात्री दोन-अडीचलाच जागे होतात आणि उजाडेपर्यंत बाजारभावाचे व कर्जाचे हिशेब मांडत बसतात. ४ मोजत श्वास आत घेऊन ६ मोजत सावकाश सोडण्याचा सराव आम्ही सुरू केला आहे. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, त्यामुळे छातीतली धडधड थोडी शमते असे ते सांगतात. संध्याकाळचा चहाही बंद केला (आलेल्या पाहुण्यासोबत चहा न घेणे हे आमच्या खानदेशात वेगळेच संकट आहे), कारण कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण ५ तास लागतात. शासनाच्या टेलिमानस या फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक मी त्यांना दिला, परंतु "मी काय वेडा झालो आहे का?" असे म्हणून ते फोन लावत नाहीत. शेतकऱ्याच्या दिनक्रमात सहज बसणारे आणखी कोणते उपाय आपल्याला उपयोगी पडले, आणि अशा मानी माणसाला त्या क्रमांकावर बोलण्यास राजी कसे करावे, हे कृपया अनुभवातून सांगावे.