अनुभव धागा : सवलतीतला बेस – पारख, सेटअप आणि कोणते बदल आधी करावेत

नौपाडा, ठाणे (धाग्याची सुरुवात)

दसरा-दिवाळीच्या सुमारास वाद्यांवर सवलती लागतात आणि सुरुवातीच्या श्रेणीतले चार तारांचे बेस गिटार (पुढे नुसतं बेस) आवाक्यात येतात. घरी आणल्यावर प्रश्न सुरू होतात. आधी पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा चुंबकी भाग) बदलायचा की ब्रिज (अंगावर तारा जिथे टेकतात तो भाग)? तारा कुठल्या लावायच्या? खरखर कशाची? ठाणे-नवी मुंबईत बेस वाजवणारे, दुरुस्त करणारे आणि नाट्यगृहांत ध्वनी सांभाळणारे पुष्कळ जाणकार आहेत. त्यांनी इथे लिहावं. मापं, भागांची नावं आणि काय कशामुळे बिघडतं, एवढं आलं तर नवीन माणसाचे पैसे वाचतील.

सुरुवात मी करते. सवलत कशामुळे मिळते आहे ते दुकानदाराला स्पष्ट विचारा. बंद झालेला रंग, उघडलेलं खोकं, दुकानात वाजवायला ठेवलेला नग, अंगावरचा ओरखडा ही सगळी चांगली कारणं. मान पिळलेली असेल तर मात्र कितीही सवलत मिळाली तरी घेऊ नका. पिकअप, पॉट (नॉबखालचा, आवाज-टोन कमीजास्त करणारा भाग), खुंट्या, ब्रिज हे सगळं पुढे बदलता येतं. नवीन मान घ्यायची तर सवलतीत वाचलेले पैसे त्यात जातात, वर बसवण्याची मजुरी वेगळी.

दुसरं म्हणजे, नेहमीच्या घडणीचा बेस घ्या. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला, त्याचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ मध्ये, आणि जॅझ बेस १९६० मध्ये. आजचे बहुतेक स्वस्त बेस या दोन नमुन्यांवरच बेतलेले असतात, म्हणून त्यांचे सुटे भाग मिळतात. वेगळ्याच आकाराचा पिकअप असलेला बेस स्वस्तात मिळाला, तर पुढे त्या खाचेत बसणारा दुसरा पिकअप शोधत फिरावं लागतं.

पाचपाखाडी, ठाणे

दुकानात काय बघायचं ते सांगतो. बेस सुरात लावून घ्या आणि हेडस्टॉककडून (मानेचं खुंट्यांचं टोक) ब्रिजकडे, मानेच्या दोन्ही कडांवरून नजर टाका. दोन्ही कडा सारख्याच वाकलेल्या असतील तर तो नुसता बाक, ट्रस रॉडने (मानेच्या आतला आवळता येणारा गज) जातो. एक कड वर आणि दुसरी खाली दिसली तर तो पीळ. तो ट्रस रॉडने जात नाही.

मग ई (E, सगळ्यात जाड) तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एकाच वेळी दाबा. तार सरळ पट्टीचं काम करते. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी, म्हणजे साधारण ०.३ मि.मी. फट जास्त असेल तर दुकानातल्या तंत्रज्ञाला ट्रस रॉड पाव फेरा घट्ट करायला सांगा आणि फट कमी होते का बघा. रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल आणि तरी बाक उरला असेल, तर तो नग परत ठेवा. रॉड सैलही होत नसेल तर तेच.

चारही तारांवर प्रत्येक फ्रेट वाजवा. वीस फ्रेट असले तर ऐंशी स्वर, पाच मिनिटांचं काम. एखाद्याच जागी तार खडखडते आणि शेजारी नाही, म्हणजे पुढचा एखादा फ्रेट उचललेला आहे. 'जी' (G, सगळ्यात बारीक) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास स्वर लवकर विझतो, तो प्रकार वेगळा. स्क्रूने जोडलेल्या मानेच्या बेसमध्ये तो बऱ्याचदा आढळतो, महागड्यांतही. मान स्वतःच तिथे कंपन शोषून घेते. थोडा असेल तर चालतो, स्वर लगेच मरत असेल तर दुसरा नग मागा.

ब्रिजवरचे सॅडल (प्रत्येक तार टेकते ते छोटे ठोकळे) बघा. ते तळाला टेकलेले असूनही तारा उंच असतील तर मानेचा कोन चुकलेला आहे. शिम (मान आणि अंग यांच्यामधली पातळ पट्टी) घालून सुटतो, पण किंमत ठरवताना हा मुद्दा काढा. 'जी' (G) तार फिंगरबोर्डच्या (मानेवरची फ्रेट बसवलेली फळी) कडेवरून घसरत असेल तर मान खाचेत तिरकी बसली आहे. चार स्क्रू किंचित सैल करून मान ढकलली की रांग जुळते. घाबरण्यासारखं काही नाही.

नॉब फिरवताना खरखर झाली तर ती काँटॅक्ट क्लीनरने जाते. त्या खरखरीपायी चांगल्या मानेचा बेस सोडू नका.

खारघर

सेटअपचा क्रम पाळा, कारण प्रत्येक पायरी पुढचीवर परिणाम करते. नव्या तारा, सूर, मानेचा बाक, तारांची उंची, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर स्वर बरोबर लागणं), शेवटी पिकअपची उंची. उलट क्रमाने गेलात तर सगळं पुन्हा करावं लागेल.

बाक ०.२५ ते ०.३५ मि.मी. ठेवा. फीलर गेजचा (फट मोजायच्या पातळ पात्यांचा) संच हार्डवेअरच्या किंवा गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने फिरवला की मान सरळ होते, उलट फिरवला की बाक वाढतो. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको, दर वेळी सूर पुन्हा लावून मगच मोजा. अॅलन की नेमक्या मापाचीच हवी. रॉडच्या इंची मापाच्या नटात जवळपासची मिलिमीटरची की घातली तर षटकोन घासून गोल होतो, आणि मग स्वस्त बेससाठी ते काम परवडत नाही.

उंची सतराव्या फ्रेटवर मोजा. ई तारेखाली साधारण २.४ मि.मी., जी तारेखाली २ मि.मी. हे आरंभबिंदू आहेत. जोरात वाजवणाऱ्याने थोडी वाढवावी.

इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर पडताळा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर सॅडल मानेकडे. जुन्या, मळलेल्या तारांवर इंटोनेशन जुळत नाही, तो वेळ फुकट जातो.

आपल्याकडे जूनमध्ये हवा ओली होते आणि लाकूड फुगतं. एसी खोलीतला बेस आणि खाडीच्या वाऱ्यात उघड्या खिडकीपाशी ठेवलेला बेस यांची मान सारखी राहत नाही. बाक कुठल्या बाजूला सरकेल ते त्या लाकडावर ठरतं, म्हणून अंदाजाने रॉड फिरवू नका, मोजा. पाऊस लागल्यावर एकदा आणि ऑक्टोबरात एकदा एवढं पुरतं.

कोपरखैरणे

इलेक्ट्रॉनिक्सवर जास्त लिहितो, कारण सवलतीच्या बेसमध्ये खरी काटकसर तिथेच केलेली असते.

कंट्रोल प्लेट उघडली की आधी फोटो काढा, मगच तार सोडवा. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसमध्ये पॉट २५० किलोओहमचे असतात. प्रिसिजनला एक व्हॉल्यूम, एक टोन. जॅझला दोन व्हॉल्यूम, एक टोन. टोनवरचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा, त्यावर ४७३ छापलेलं असतं. हा कपॅसिटर महाग घेऊन आवाज सुधारत नाही. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा फिल्म कपॅसिटर उत्तम. ठाण्याहून जाणाऱ्यांनी दादरला लोकल बदलून ग्रँट रोडला उतरावं. पॉट, कपॅसिटर, सोल्डर, तांब्याची टेप एका फेरीत आणा.

पॉट घेताना भोक मोजा. स्वस्त बेसमध्ये छोटे पॉट असतात, त्यांची गळपट्टी (भोकातून जाणारा आट्याचा भाग) ७ मि.मी. मोठ्या अमेरिकन पॉटची ९.५ मि.मी. म्हणजे भोक रुंद करणं आलं. धातूच्या पट्टीत ते हाताच्या रीमरने करा. ड्रिल अडकलं की पट्टी वाकते. आणि जुने नॉब नव्या दांड्यावर बसत नाहीत, एक ६ मि.मी.चा, दुसरा ६.३५चा. मला विचाराल तर चांगले छोटे पॉटच घ्या, आवाजात फरक नाही.

सोल्डरिंगमधली नेहमीची चूक म्हणजे २५ वॅटच्या बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने पॉटच्या पाठीवर ग्राउंडची तार चिकटवणं. पाठ मोठी, ती उष्णता ओढून घेते. सोल्डर वितळतं पण धरत नाही आणि हात तसाच धरून ठेवला की पॉटच्या आतला कार्बनचा पट्टा भाजतो. ४० ते ६० वॅट, चपटं टोक, पाठ आधी पॉलिश पेपरने खरवडलेली, आणि तीन-चार सेकंदांत काम संपवायचं. सोल्डर ६०/४०, आत रोझिन असलेलं.

घूं आवाज येत असेल तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावा. एक टोक ब्रिजवर, दुसरं जॅकच्या बाहेरच्या भागावर. बीप वाजला नाही म्हणजे ब्रिजखालची ग्राउंड तार सुटली आहे. फुकटची दुरुस्ती. ब्रिज काढायचा, तार तीन-चार सेंटिमीटर सोलून लाकडावर पसरवायची आणि ब्रिज परत आवळायचा.

ग्राउंड नीट असूनही जॅझचा एकच पिकअप उघडल्यावर घूं येतो, तो सिंगल कॉइलचा (एकाच वेटोळ्याच्या पिकअपचा) स्वभाव. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की दोन्ही पिकअप एकमेकांचा घूं मारतात. बाकीच्या आवाजासाठी पिकअप आणि पॉटच्या खाचा तांब्याच्या टेपने मढवा. टेपचा गोंदही वीजवाहक हवा, नाहीतर प्रत्येक जोडावर सोल्डरचा ठिपका द्या. सगळे तुकडे ग्राउंडला जोडले आहेत ना ते मीटरने तपासा. न जोडलेल्या टेपचा काही उपयोग नाही. टेप जॅकच्या सिग्नलच्या ('हॉट') टोकाला टेकली तर बेस पूर्ण मुका होतो.

पिकअप बदलण्याआधी जुना मोजा. जॅझचा साधारण ७-८ किलोओहम, प्रिसिजनचा १०-११. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलंय. प्रिसिजनची दोन कॉइल एकापुढे एक जोडलेली असतात, म्हणून एक तुटलं की दोन्ही गप्प. जॅझचा ब्रिजकडचा पिकअप ९४ मि.मी. आणि मानेकडचा ९१ मि.मी. लांब असतो, पण काही स्वस्त नगांत दोन्ही एकाच लांबीचे घातलेले असतात. खाच न मोजता जोडी मागवू नका. नवी जोडी लावल्यावर दोन्ही उघडून खर्ज गायब झाला आणि आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा झाला तर फेज उलटी आहे. एकाच पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल करा.

नौपाडा, ठाणे

शिमबद्दल कोणी सांगेल का? पाचपाखाडीवाल्यांनी उल्लेख केला आहे, पण जाडी किती?

पाचपाखाडी, ठाणे

अर्ध्या मिलिमीटरपासून सुरू करा. खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला, पूर्ण रुंदीभर. एवढ्याने सॅडलवर तारांची उंची दीड-दोन मि.मी.ने बदलते. जाड कार्ड तात्पुरतं चालतं. कायमसाठी उतरत्या जाडीची लाकडी पाचर पूर्ण खाचेत बसवा. तारा सैल केल्याशिवाय मानेचे स्क्रू काढू नका. परत आवळताना स्क्रू आधी उलटा फिरवून जुना आटा सापडू द्या, नाहीतर लाकडात नवा आटा पडून पकड जाते.

घोडबंदर रोड

तारा हाच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात ऐकू येणारा बदल. दुकानात टांगलेल्या बेसच्या तारा मेलेल्याच असतात, त्यांच्यावरून पिकअपबद्दल मत बनवू नका. निकेलच्या राउंडवाउंड (गोल तारेचं वेटोळं), ०.०४५ ते ०.१०५ इंच, हा सुरक्षित संच. फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीचं वेटोळं) लावलात तर बोटांची किरकिर जाते आणि त्या खूप टिकतात, फक्त ताण बहुधा जास्त असतो, म्हणून बाक पुन्हा मोजा.

तार कापण्याची पद्धत: खुंटीच्या पुढे १० ते १२ सें.मी. ठेवा, आधी काटकोनात वाकवा, मग वाकलेल्या भागापुढे कापा. सरळ तार कापली तर बाहेरचं वेटोळं आतल्या गाभ्यावरून सरकतं आणि तार मंद होते. दोन-तीन वेढे, वरून खाली.

सूर लावताना टिक् आवाज येऊन स्वर उडी मारत असेल तर दोष खुंटीचा नाही, नटच्या (मानेच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी) खाचेत तार अडकते आहे. खाचेत पेन्सिलचं शिसं घासा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर बघा, कागदाएवढी फट हवी. जास्त असली तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवर स्वर चढे लागतात. खाच खोल करण्याचं काम मात्र जाणकाराकडून घ्या, एकदा जास्त घासली की नटच बदलावा लागतो.

वजनदार ब्रिजवर खर्च करू नये असं माझं मत आहे. मूळचा वाकवलेल्या पत्र्याचा ब्रिज स्थिर असेल, सॅडल हलत नसतील, तर राहू द्या.

वाशी

ब्रिजबद्दल थोडा मतभेद. सॅडलच्या उंचीचे बारीक स्क्रू आपल्याकडच्या दमटपणात गंजतात आणि दीड मि.मी.ची की त्यात फिरत नाही. तसं झालं असेल तर नवा ब्रिज घेणं योग्य, आवाजासाठी नाही तर सेटअप करता यावा म्हणून. पाच स्क्रूंची रांग आणि तारांमधलं अंतर जुन्याशी जुळतं ना, ते आधी मोजा.

मी मुख्यतः ध्वनीच्या बाजूने लिहितो. ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा. सहा इंची सरावाच्या अॅम्पमध्ये तो जवळजवळ येतच नाही, तुम्ही वरचे स्वरांश ऐकता. म्हणून नवा पिकअप घेण्याआधी बेस एकदा चांगल्या हेडफोनवर किंवा मोठ्या कॅबिनेटवर ऐका. फ्लॅटमध्ये हेडफोन अॅम्पच बरा, खर्ज स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो.

विष्णुदास भावे किंवा गडकरी रंगायतनसारख्या नाट्यगृहात दिव्यांचे डिमर चालू झाले की सिंगल कॉइलमध्ये गुणगुण शिरते. तालमीत न येणारा आवाज प्रयोगात येतो तो यामुळे. स्टेजवर दोन पावलं सरकून, बेसचा रोख बदलून बघा, बराच फरक पडतो. डीआय बॉक्सवर (बेस मिक्सरला जोडणारी पेटी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते मिक्सर आणि अॅम्प यांच्यातल्या ग्राउंडच्या लूपसाठी. पिकअपमध्ये शिरलेली गुणगुण त्याने जात नाही. अॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका.

अॅक्टिव्ह बेसवाल्यांसाठी: केबल जॅकमध्ये असेपर्यंत ९ व्होल्टची बॅटरी खर्च होत राहते. वाजवून झालं की केबल काढा. आवाज फाटायला लागला तर पिकअपवर संशय घेण्याआधी बॅटरी मोजा.

ऐरोली

हेडस्टॉक जमिनीकडे झुकत असेल तर आधी आतून खरखरीत चामड्याचा रुंद पट्टा घ्या. तेवढ्याने भागलं नाही तरच हलक्या खुंट्या, आणि त्या मागवण्याआधी हेडस्टॉकचं भोक कॅलिपरने मोजा. काढलेले सगळे मूळ भाग पिशवीत नावं लिहून ठेवा, विकताना मूळ भागांसह बेसला चांगली किंमत येते.

बेलापूर

पावसाळ्यात गिग बॅगेत बेस बंद करून ठेवू नका, ओलं अस्तर तारा आणि पिकअपचे पोल गंजवतं. सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर त्या महिन्यातून एकदा तापवून कोरड्या करा. वाजवून झाल्यावर तारा वरून आणि खालूनही पुसा.

हिवाळ्यात फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं हाताला टोचतात. बारीक कानशीने ४५ अंशात टोकं घासता येतात, पण फिंगरबोर्डला दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावूनच, आणि पिकअपवर कापड टाकून. धातूचा कीस पिकअपमध्ये शिरला की निघता निघत नाही.

ट्रान्स-हार्बर लोकलने बेस नेणाऱ्यांनी मानेला आधार असलेली जाड पॅडिंगची बॅग घ्यावी आणि गर्दीत ती पाठीवर न ठेवता पुढे, मान वर करून धरावी. तारा सैल करण्याची गरज नाही. नेहमीच्या ताणावरच मान आपल्या जागी राहते आणि पोचल्यावर फक्त बारीक सूर लावावा लागतो.